सत्तावीस नंबरचे नातेवाईक

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी दोघंजण घरी आले आणि म्हणाले, काका, नोकरीतल्या आठवणी लिहून द्या. मी म्हणालो, मी प्लंबर. माझ्या आठवणी मोरीच्या आणि गटाराच्या. सणासुदीला लोकांना वाचायला आवडतील का? त्यातला एक म्हणाला, बँकवाल्यांच्या आणि विमावाल्यांच्या आठवणी दरवर्षी येतात काका, यंदा जरा वेगळं. म्हणून लिहितोय. शाळा सातवीपर्यंत झाली, ती पण खटाव तालुक्यात, जिथं मास्तर आठवड्यातून तीन दिवस यायचे. पूर्वी माझा कुठलाही कागद माझी बायको शालन वाचून दुरुस्त करायची. ती गेल्या माघात गेली. आता घरात दुरुस्त करणारं कोणी नाही. चुका संपादकांनी काढाव्यात.

मी फौजेत पाइपफिटर होतो. शेवटची बदली जयपूरला झाली, पोरं इथल्या शाळेत रुळली, म्हणून सुटल्यावर इथंच राहिलो. माजी सैनिकांच्या राखीव जागेतून केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या एका वसाहतीत प्लंबर म्हणून लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. कॉलनीच्या मधोमध एक बसकी कचेरी होती, तिला सगळे इन्क्वायरी म्हणायचे. नळ गळला, फ्यूज उडाला, दार फुगलं की लोकांनी इन्क्वायरीत येऊन रजिस्टरमध्ये लिहायचं. आम्ही जाऊन काम करायचं आणि झाल्याची चिठ्ठीवर सही घ्यायची. इतकं साधं काम. पण त्यात माणसं फार दिसतात. एक सुपरिंटेंडंट साहेब होते, बायको वारलेली, पोरगा परदेशात. त्यांचा नळ दर रविवारी गळायचा. वॉशर ते स्वतःच सैल करून ठेवायचे, हे मला दुसऱ्या रविवारी कळलं. मी काही बोललो नाही. वॉशर आवळायला दोन मिनिटं आणि बसायला एक तास. तेव्हा मला त्यांचं हसू यायचं. आता येत नाही.

प्लंबर घराच्या पुढच्या खोलीत फार थांबत नाही. तो सरळ मोरीत जातो, आणि मोरीत कोणाला सोंग करता येत नाही. किती माणसं राहतात, आजारी कोण आहे, बाप पितो का, सून नवी आहे का, हे सगळं मला टाकीवरून आणि नहाणी ट्रॅपवरून कळायचं. नहाणी ट्रॅप म्हणजे मोरीच्या कोपऱ्यात जाळीखाली जे वाकडं भांडं बसवलेलं असतं ते. केस, साबण, चिंध्या तिथं अडकतात. ते उपसणं हे आमचं निम्मं काम.

आता दुसरं काम सांगतो. ते आमचं नव्हतंच, पण आमच्या गळ्यात पडलेलं होतं. सरकार नोकरदाराला क्वार्टर देतं, राहायला. क्वार्टर कमी, मागणारे जास्त, म्हणून यादी. यादीत नंबर लागेपर्यंत शिपाई, ड्रायव्हर, कारकून शहराबाहेर सांगानेरला एका खोलीत चार पोरं घेऊन राहायचे आणि बसला लटकत यायचे. आणि ज्यांना क्वार्टर मिळालेलं, त्यातल्या कितीतरी जणांनी तोवर आदर्श नगरला नाहीतर आणखी कुठं स्वतःचं घर बांधलेलं. मग क्वार्टर रिकामं करावं की नाही? नाही. भाड्यानं द्यायचं. हे नियमात बसत नाही, म्हणून वर्षातून दोनदा तपासणी असायची. ज्याच्या नावावर क्वार्टर आहे तोच राहतो का, घरात माणसं किती, बाहेरचं कोणी आहे का. यादी वरच्या कचेरीतून यायची जेईकडे, म्हणजे आमच्या ज्युनियर इंजिनियरकडे. जेई ती प्लंबरकडे सरकवायचा, कारण प्लंबर घरात जातोच आहे.

नियमात एक पळवाट होती. जवळचे नातेवाईक राहिले तर चालत होतं. म्हणून भाडेकरू दिसला की आम्ही शेवटच्या रकान्यात लिहायचो, नातेवाईक. बहुतेकजण सांगताना मेहुणा सांगायचे. आमच्या इलेक्ट्रिशियनचं म्हणणं होतं, की अर्ध्या राजस्थानचे मेहुणे या कॉलनीत राहतात, बहिणी कुठं गेल्या देव जाणे. यावर आम्ही पोट धरून हसायचो. आम्हाला वाटायचं आपण गरीब भाडेकरूला सांभाळून घेतोय. सांगानेरच्या यादीतल्या माणसाचं घर आपण खातोय, हे डोक्यात यायचं नाही. आलं तरी चहाबरोबर खाली जायचं.

सत्तावीस नंबर हे मागच्या ब्लॉकमधलं वरच्या मजल्यावरचं क्वार्टर. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. हिवाळ्यातल्या तपासणीला मी तिथं गेलो. ज्या बाबूच्या नावावर क्वार्टर होतं तो नव्हता. लालचंद नावाचा माणूस बाहेर आला, गोड बोलणारा, इस्त्रीचा शर्ट. म्हणाला, "जीजाजी ड्यूटीवर गेलेत, मिस्त्रीजी. बसा." गॅलरीतच खुर्ची टाकली. एक पोरगी पाण्याचा पेला घेऊन आली. मी पाणी प्यालो, विचारलं किती माणसं, तो म्हणाला चार, मी चार लिहिलं. बाबू हजर, असंही लिहिलं. नातेवाईक, सही, पुढचं क्वार्टर. उंबऱ्याच्या आत मी गेलो नाही.

मग मे महिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाईनं तक्रार लिहिली, की वरच्या मोरीचं पाणी भिंतीतून उतरतंय. सकाळी अकराच्या सुमाराला मी सत्तावीसला गेलो. लालचंद दारातून हलेना. म्हणाला, उद्या या. मी म्हणालो, "भैया, खाली बाईच्या देवघरात पाणी चाललंय, उद्या ती इथं येईल." तेव्हा आत घेतलं, पण माझ्या पाठीला चिकटून. मोरी तुंबलेली. मी जाळी काढली, ट्रॅपमध्ये हात घातला, आणि केस निघाले. एका घरात निघतात तसे नाही. ओंजळी भरून. लांब, आखूड, कुरळे, तेल लावलेले, कोरडे. चार माणसांच्या घरात हे केस कुठून? वर टाकी पाहिली तर सकाळी भरलेली अकरालाच रिकामी. आणि मोरीच्या दाराला आतल्या बाजूनं कडीच नव्हती. स्क्रूची भोकं होती, कडी काढून टाकलेली. बाहेर आलो तर मागच्या खोलीच्या दाराला मात्र बाहेरून नवी कोरी कडी, कुलूपासकट. खोलीतून एकही आवाज नाही. घरात माणसं असून आवाज नाही, हे मला फार वाईट वाटलं. मी हत्यारं गोळा केली, चिठ्ठीवर सही घेतली आणि घरी जेवायला गेलो.

शालनला जेवताना कॉलनीच्या गोष्टी सांगायची माझी सवय. तिला हसू येईल म्हणून मी केसांचं सांगितलं. ती हसली नाही.

"कडी आतनं न्हाई?"

"नाही. काढलीय."

"अवो, आतनं कडी न्हाई अशा मोरीत कंची बाई अंघोळ करंल? आपल्या मनानं न्हाई करायची." मग म्हणाली, "तुमी गेल्या टायमाला काय लिवलं हुतं त्या घराचं?"

"नातेवाईक."

"कुनाचे?"

तिनं भाकरीचा तवा खाली उतरवला. "उठा. जेवन हितंच हाय, कुटं जात न्हाई. आदी जावा."

मी म्हणालो, सही माझी आहे, नोकरी जाईल. ती म्हणाली, "जाऊ द्या. मी चार घरची भांडी घासीन. पन त्या पोरी तुमच्या सहीखाली कोंडल्यात."

आमच्या लग्नाला तेव्हा पस्तीसच्या आसपास वर्षं झाली असतील. इतक्या वर्षांत ती मला असं कधी बोलली नव्हती.

मी आधी जेईकडे गेलो. तो वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. म्हणाला, "मिस्त्री, रिपोर्टमध्ये सगळं ठीक आहे. तूच लिहिलंयस. आता तूच म्हणणार खोटं आहे? पहिला तू जाशील, दुसरा मी. मी बाबूला फोन करून सांगतो, संध्याकाळपर्यंत खाली करायला लावतो. काम झालं." मी विचार केला, संध्याकाळपर्यंत खोली खाली होईल खरी, पण त्यातल्या बाया कुठं जातील? दुसऱ्या कुठल्यातरी खोलीत, जिथली मोरी माझ्याकडं नाही. मी म्हणालो, साहेब, दोन तास फोन करू नका. तो म्हणाला, दोन तास. त्यानं शब्द पाळला, त्याचे उपकार आहेत.

क्वार्टर वाटपाची मोठी कचेरी सायकलवरून वीस मिनिटं. तिथं सक्सेना मॅडम होत्या. मी त्यांना याआधी दोनदाच पाहिलेलं, एकदा झेंड्याला आणि एकदा त्यांच्या केबिनचं बेसिन बदलताना. मेच्या उन्हात घामाघूम, हाताला गटाराचा वास, असा मी आत शिरलो. चपराशी अडवत होता. मॅडम म्हणाल्या, येऊ दे. त्या हिंदीत बोलायच्या, मी इथं मराठीत लिहितोय.

मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग एकच विचारलं, "हिवाळ्यात तुम्ही आत गेला होता?"

"नाही."

"कोणीच आत जात नाही?"

"नाही मॅडम. कोणीच नाही."

"लिहून द्या."

मी म्हणालो, हिंदी लिहिताना माझी वाट लागते. त्या म्हणाल्या, "मराठीत लिहा. अक्षरं तीच आहेत." मी लिहिलं. सात-आठ ओळी. शालन नव्हती, म्हणून चुका तशाच राहिल्या. मॅडमनी कागद घेतला, कपाटातून हिवाळ्यातला तपासणीचा अहवाल काढला. खाली त्यांची सही होती. त्यांनी माझ्याच कागदावर माझ्या सहीखाली लिहिलं, की हा अहवाल मीही न पडताळता मंजूर केला आहे. खाली पूर्ण नाव, हुद्दा. मी आयुष्यात पुष्कळ साहेब पाहिले, फौजेतले आणि बाहेरचे. चूक खाली सरकवणारे पाहिले, वर सरकवणारेही एक-दोन पाहिले. स्वतःची चूक प्लंबरच्या चुकीखाली न विचारता लिहून टाकणारी ही एकच बाई.

मग त्यांनी फोन उचलला. पोलिसांकडून महिला शिपाई मागितल्या. पलीकडून काहीतरी अर्जाचं विचारत होते. मॅडम म्हणाल्या, "घर सरकारचं आहे. त्या घराची मालक म्हणून मी तक्रार देतेय. अर्ज जीपमध्ये लिहिते."

दुपारी तीनला आम्ही पोचलो. दार मी वाजवलं, हातात पाना. "खालच्या बाईचं पाणी अजून थांबलं नाही, भैया." लालचंदनं शिव्या देत दार उघडलं आणि माझ्या मागून चौघी महिला शिपाई आत गेल्या. मागच्या खोलीचं कुलूप मीच तोडलं. आत नऊ जणी होत्या. पंखा नाही, झरोक्याला पत्रा ठोकलेला. मी बाहेर आलो. ते बघायचा माझा अधिकार नव्हता असं मला वाटलं.

त्या बहुतेक झारखंडकडच्या. शहरात कामाला लावतो म्हणून आणलेल्या. घरोघरी मोलकरणी म्हणून पाठवायचं, पगार लालचंदनं घ्यायचा, परत जायचं म्हटलं की मारायचं. ज्या नव्या किंवा ज्या ऐकत नाहीत त्या सत्तावीसमध्ये. हे सगळं नंतर कळलं, आणि बहुतेक एकीमुळं कळलं. तिचं नाव सोमारी. वीसेक वर्षांची, बारीक, काळीसावळी, नजर सरळ. दुसऱ्या पोरी रडत होत्या तेव्हा ही पोलिसांना विचारत होती, की ज्या आधी जवळच्या बस्सी गावाला आणि कुठं कुठं पाठवल्यात त्यांचं काय. तिला सगळ्यांची नावं आणि गावं पाठ होती. लिहिता येत नव्हतं, म्हणून पाठ केलेली. त्या नावांवरून पुढं आणखी पाचजणी सापडल्या.

आता यात आडवं काय आलं, तर आमचाच कागद. बाबूच्या वकिलानं तपासणीच्या अहवालाची नक्कल काढली. म्हणाला, सरकार स्वतः लिहितंय की मूळ माणूस तिथं राहतो, सोबत नातेवाईक आहेत. मग कसलं कोंडून ठेवणं आणि कसला भाडेकरू? त्याच्या कामाला येईल असा शिक्का मारलेला कागद आम्ही दिला होता. तो कागद खोटा आहे हे सिद्ध करायचं तर एकच उपाय, तो लिहिणाऱ्यानं उभं राहून खोटा म्हणायचं.

वरून मॅडमवर दाब आला. मी त्यांच्या कचेरीत बयाण द्यायला गेलो होतो तेव्हा दार उघडंच होतं, एक बडे अधिकारी समजावत होते. "मिसेस सक्सेना, प्लंबरला सस्पेंड करा, विषय संपवा. खात्याचं नाव कशाला?"

"सर, प्लंबर फॉर्म भरतो. फॉर्म कोण मंजूर करतं?"

"तुमचं प्रमोशन आहे यंदा."

"होतं, सर."

एवढंच. आवाज चढवला नाही. मी बाहेर बाकावर बसलो होतो, मला उठून सॅल्यूट मारावासा वाटला. मारला नाही, फौज सोडून बरीच वर्षं झाली होती.

त्यानंतर त्यांनी स्वतः यादी घेऊन कॉलनीतलं प्रत्येक क्वार्टर फिरून पाहिलं, मी हत्यारांची पिशवी घेऊन मागे. बायका दार उघडून चकित व्हायच्या. एका दारात एक दांडगा गृहस्थ म्हणाला, "हे माझे मेहुणे." मॅडमनी त्या भाडेकरूला विचारलं, "बहिणीचं नाव काय?" तो भाडेकरू दांडग्याकडं बघायला लागला. त्या उन्हाळ्यात पुष्कळ क्वार्टर रिकामी झाली आणि सांगानेरच्या बसमधली गर्दी थोडी कमी झाली असणार. लोक मला तोंडावर चुगलखोर म्हणाले. इलेक्ट्रिशियन महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

लालचंदला शिक्षा झाली, बाबूची नोकरी गेली, हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा निकालासाठी अडून बसेल. मला ताकीद मिळाली आणि बढती थांबली. मॅडमची बदली लांब झाली. पण त्याच्या आधी एक दिवस आहे, आणि त्यासाठी मी लिहायला बसलो.

खटला उभा राहायला वर्ष उलटलं. बाकीच्या पोरी गावी गेल्या. सोमारी सरकारी महिलागृहात राहिली, कारण तिची साक्ष मुख्य. लालचंदकडची माणसं तिला निरोप पाठवायची, गप्प घरी जा, तिकीट आम्ही काढतो. ती डळमळली होती. मॅडमनी मला सांगितलं, तिला तुमच्या घरी जेवायला न्यायची परवानगी काढलीय, तुमच्या मिसेसना सांगा. शालननं पिठलं-भाकरी केली. सोमारी जमिनीवर मांडी घालून जेवली, सोबत आलेली महिला शिपाईसुद्धा. हात धुतल्यावर सोमारी मला म्हणाली, "चाचा, आप पहले भी आए थे। ठंड में। पानी मैंने दिया था।"

मला ती पोरगी आठवेना. पेला आठवला, पोरगी नाही.

ती म्हणाली, "मी पेला घेऊन उभी राहिले होते, तुम्ही नाव विचाराल म्हणून. लालचंदनं सांगितलं होतं, सरकारी माणूस आलाय, तोंड उघडू नको. पण सरकारी माणसानं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तुम्ही त्याला विचारलंत, किती माणसं. मला नाही विचारलंत. का?"

शालन माझ्याकडं बघत होती. तिथं काहीही सांगता आलं असतं. काम फार होतं, नियम असा होता, मला काय माहीत. मी खरं सांगितलं. "पोरी, जेवायची वेळ झाली होती. अजून तीन क्वार्टर राहिली होती. घाई होती."

तिनं ओले हात पुसले. मग म्हणाली, "कोर्टात पण हेच सांगाल?"

"हेच."

"ठीक है."

कोर्टात माझी साक्ष आधी झाली. बाबूचा वकील माझ्या अंगावर आला. "म्हणजे तुम्ही सरकारी कागदावर खोटं लिहिता?"

"होय, लिहिलं."

"मग आज खरं बोलताय कशावरून?"

"आज सही करण्याआधी आत जाऊन आलोय, साहेब."

"तेव्हा आत का गेला नाहीत?"

"जेवायची वेळ झाली होती."

मागे कोणीतरी हसलं. जज साहेबांनी मान वर केली, हसणं थांबलं, आणि त्यांनी ते वाक्य टंकलेखकाला सावकाश सांगून लिहून घ्यायला लावलं. माझ्यानंतर मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, त्यावर सही माझी आहे.

मग सोमारीला आत बोलावलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. मी आणि शालन व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. मॅडम खांबाला टेकून उभ्याच. दोन तास झाले. शालनच्या हातात पदराचं टोक होतं, ती ते गुंडाळत होती आणि सोडत होती. मला वाटत होतं ती पोरगी आत गप्प बसली तर आमचं सगळं खरं बोलणं वाया.

दार उघडलं. सोमारी बाहेर आली ती सरळ आमच्या बाकावर, आमच्या दोघांच्या मधे येऊन बसली. घामानं कपाळ ओलं.

शालननं तिच्या मोडक्या हिंदीत विचारलं, "सब बताया?"

"सब."

"सबका नाम?"

"हाँ चाची। जो लाया, जिसने रखा, जिसने मारा।" मग माझ्याकडं वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "जो आकर चला गया, वो भी। आपका नाम भी लिया, चाचा।"

माझी मान खाली गेली. शालननं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लई चांगलं केलंस, बाई."